व्हॅनचं सरकतं दार आणि व्हीलचेअर: मोटर बसवायच्या आधी हे करून बघा

बाबांना झटका आला त्याला आता तीन वर्षं होतील. उजवी बाजू चांगली आहे, डावा हात-पाय अजून साथ देत नाही, त्यामुळे घराबाहेर पडायचं म्हटलं की व्हीलचेअर आलीच. आधी आमच्याकडे छोटी हॅचबॅक होती, तिचं मागचं दार कितीही उघडलं तरी मध्ये येतं, खुर्ची सीटजवळ जातच नाही, म्हणून ती विकून सेकंडहँड इको व्हॅन घेतली. डोक्यात हिशोब साधा होता, दार सरकून मागे गेलं की खुर्ची थेट सीटला टेकवायची. हिशोब बरोबरच होता हो, पण गाडी घरी आली आणि पहिल्याच दिवशी कळलं की ते दार आईला उघडतच नाही. दोन्ही हातांनी ओढायचं, मध्ये अडकायचं, मग झटका द्यायचा, आणि बंद करताना तर अख्ख्या सोसायटीला कळायचं की हे लोक आले.

एका दुकानदाराने लगेच सांगितलं, ऑटोमॅटिक दार करून टाका, मोटरचं कीट बसवतो. मी जवळजवळ पैसे देऊन बसलो होतो. आमच्या मिस्त्रीने अडवलं. म्हणाला, "अहो, जे दार माणसाला ओढत नाही ते मोटरला ओढायला लावणार? दोन महिन्यांत मोटर जळेल, आधी दार तर सरकू दे." त्याच्या त्या एका वाक्याने पैसे वाचले. म्हणून हे सगळं लिहितोय, कारण ज्यांच्या घरी असंच कुणी आहे त्यांना वाटतं की रॅम्प, लिफ्ट, मोटर याशिवाय काही होत नाही, आणि खरा घोळ असतो रुळात साचलेल्या मातीत आणि चार-पाच इंचांच्या फरकात.

सगळ्यात आधी मोजायचं. टेप घ्या आणि दार पूर्ण उघडून जी मोकळी जागा मिळते तिची रुंदी मोजा, बॉडीच्या कडेपासून कडेपर्यंत नाही तर उघडलेल्या दाराच्या कडेपर्यंत, कारण कित्येक व्हॅनचं दार पूर्ण मागे जातच नाही, थोडं पुढे उरतंच. मग उंबऱ्यापासून वरच्या चौकटीपर्यंतची उंची, रस्त्यापासून आतल्या फ्लोअरची उंची, रस्त्यापासून सीटची उंची. मग खुर्ची: चाकाच्या बाहेर जी हाताने फिरवायची रिंग असते ती धरून रुंदी, बसायच्या गादीची उंची, आणि माणूस खुर्चीत बसलेला असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत किती. हा शेवटचा आकडा बघून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. साध्या व्हॅनच्या बाजूच्या दारातून खुर्चीत बसल्या बसल्या आत जाता येत नाही, डोकं चौकटीला लागतं, आणि मान वाकवून, खांदे दाबून कुणाला आत ढकलायचं हा प्रकार एकदा केलात तरी तो माणूस परत गाडीत बसायला नाही म्हणेल. त्यासाठी उंच छपराची गाडी लागते, विंगर किंवा ट्रॅव्हलरच्या जातीची. इको, सुप्रो, जुनी ओम्नी, जुनी इव्हालिया यांत खरा उपयोग आहे तो माणसाला खुर्चीतून सीटवर घ्यायचा आणि खुर्ची घडी करून मागे टाकायची. हे एकदा मनाला पटवलं की पुढचे निम्मे खर्च आपोआप गळतात.

आता दार. दाराला किती जोर लागतो तेही मोजता येतं बरं का, विमानाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा असतो ना, तो हँडलला अडकवून दार सावकाश ओढायचं, पहिला झटका सोडून द्यायचा आणि दार सरकत असताना काटा काय दाखवतो ते बघायचं. आमचा बारा किलोच्या आसपास दाखवत होता. आईचा खांदा का दुखतो ते त्या काट्याने सांगितलं. हा आकडा लिहून ठेवा, काम झाल्यावर परत मोजायचाय.

सरकतं दार तीन रुळांवर असतं. खालचा रूळ उंबऱ्यात, वजन मुख्यतः तिथल्या रोलरवर. वरचा छताजवळ, त्याचं काम दार बाहेर कलू न देणं. आणि मधला गाडीच्या बाहेरच्या अंगाला, मागच्या काचेच्या खाली जी लांब खाच दिसते ती. या रुळांना पुढच्या टोकाला वळण असतं, बंद होताना दार तिथेच आत घेतलं जातं. त्यामुळे दार कुठे अडकतं त्यावरून दुखणं कळतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळीकडे जड, तर खालचा रोलर गंजलाय किंवा रुळात घाण आहे. बाकी हलकं पण बंद होताना शेवटच्या वीतभर अंतरात जोर लागतो, तर वळणाचा भाग, लॉक, नाहीतर बिडिंग, म्हणजे दाराच्या कडेने लावलेली रबराची पट्टी. आणि दार अर्धं उघडून मागच्या कडेला धरून वर उचललं आणि ते खडखड करत वर-खाली झालं तर रोलर झिजलेत, तिथे साफसफाईने भागणार नाही.

साफसफाई मात्र आधी कराच, कारण ती फुकट आहे. एक रविवार सकाळ काढा. आधी व्हॅक्युम, नसेल तर जुना टूथब्रश आणि कुल्फीची काडी, लोखंडी स्क्रूड्रायव्हरने खरवडायचं नाही, रंग गेला की पहिल्या पावसात गंज धरतो. आमच्या खालच्या रुळातून एक दोन रुपयाचं नाणं, शेंगदाण्याची टरफलं, कुणाच्या तरी माळेचा मणी आणि वाळूमिश्रित काळा चिखल निघाला, तो चिखल म्हणजे आधीच्या मालकाने प्रेमाने थापलेलं ग्रीस. हीच सगळ्यात मोठी चूक. दार जड झालं की लोक रुळात बोटभर ग्रीस भरतात, दोन दिवस मस्त चालतं, मग मुंबईची धूळ त्यात बसते आणि त्याचा काचपेपर तयार होतो जो रोलर खात राहतो. ते सगळं जुनं ग्रीस चिंधीला थोडं रॉकेल लावून पुसून काढा, मग साबणाच्या पाण्याने रॉकेल काढा, रबरावर रॉकेल राहिलं तर रबर फुगतं. मग कोरड्या फडक्याने पुसून अर्धा तास दार उघडं ठेवून वाळू द्या.

याच वेळी उंबऱ्याच्या खालून वाकून बघा, पाणी जायला बारीक भोकं असतात, ती बुजलेली असली तर तार घालून मोकळी करा. पावसाळ्यात दाराच्या तळाशी पाणी साचतं ते तिथूनच जायचं असतं, आणि ज्यांच्या गाड्या वरळी, वर्सोवा, दांडा अशा समुद्राच्या बाजूला उभ्या राहतात त्यांनी तर हे आधी बघावं, खारी हवा आणि साचलेलं पाणी यांनी उंबरा आतून कुजतो आणि मग कितीही रोलर बदला, रूळच हलत राहतो. वरवरचा गंज असेल तर बारीक काचपेपर मारून, गंज मारायचं लिक्विड लावून, प्रायमर, मग रंग. स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आत जातोय एवढा गंज असेल तर ते वेल्डिंगचं काम आहे, घरी करू नका.

वंगणाचं सांगतो. रुळाच्या पत्र्यावर सुकं राहणारं काहीतरी, सिलिकॉन स्प्रे किंवा टेफ्लॉनवाला ड्राय स्प्रे, तोही फडक्यावर मारून पुसायचा, धो धो नाही. रोलरच्या बेअरिंगला आणि लॉकच्या आत पांढरं लिथियम ग्रीस, थेंबभर. रबराच्या बिडिंगला सिलिकॉनच, ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात नाही. आणि तो निळा-पिवळा डबा सगळ्यांच्या घरी असतो, डब्ल्यूडी-४०, तो गंजलेला बोल्ट सोडवायला उत्तम आहे पण त्यावर दार चालवायला ठेवू नका, तो उडून जातो आणि असलेलं ग्रीसही धुऊन नेतो. स्प्रे मारून झाला की दार वीसेक वेळा उघड-बंद करा, परत पुसा. आमचं दार एवढ्यानेच बारावरून सातवर आलं.

सातवरून खाली आणायला रोलर बदलावे लागले. नवीन सेट कंपनीच्या पार्ट्सच्या दुकानात मिळतो, नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या गाड्यांचं सामान विकणारी दुकानं आहेत तिथे अख्खा ब्रॅकेट मिळतो, पण जुन्या ब्रॅकेटवरचा रोलर बोटाने फिरवून बघितल्याशिवाय घेऊ नका, तो घसरल्यासारखा गुळगुळीत फिरला पाहिजे, टक टक करता कामा नये. नुसतं बेअरिंग हवं असेल तर नागदेवी स्ट्रीट, जुना नमुना खिशात घालून जा, तोंडी माप सांगून काही उपयोग नाही. तिथे गेलातच तर रबराची पट्टी, नायलॉनचा पट्टा, बकल हेही एकाच फेरीत होऊन जातं.

रोलर बदलणं अवघड नाही पण एकट्याने करायचं काम नाही. दार जड असतं आणि ते पायावर पडलं तर व्हीलचेअर घरात दोन लागतील. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, चाकाला वीट. दार अर्धं उघडून खाली जॅक, जॅकवर लाकडाची फळी, फळीवर जुन्या चादरीची घडी, आणि दार नुसतं टेकेल एवढाच जॅक वर घ्यायचा. मग ब्रॅकेट जिथे बसलाय त्याभोवती मार्करने रेघ मारून ठेवा, फोटो काढा, ही रेघ विसरलात तर परत बसवताना दुपार जाते. एका वेळी एकच ब्रॅकेट. खालचा काढा, बसवा, चालवून बघा, मग मधला. तिन्ही एकदम सोडवले की दार हातात येतं आणि मग शेजारच्यांना हाका मारायच्या. बोल्ट घट्ट बसलेला असेल तर त्याला स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटं द्या, मापाचा बॉक्स पाना वापरा, ढिला पाना लावून बोल्टचं डोकं गोल केलंत तर काम तिप्पट.

नवीन रोलरवर दार थोडं वर येतं, त्यामुळे लॉकचा जो आडवा खिळा चौकटीवर असतो, स्ट्रायकर, तो जुळवावा लागतो. त्याच्याभोवतीही रेघ मारा, बोल्ट पूर्ण काढू नका, फक्त सैल करून एक-दोन मिलिमीटर सरकवा आणि बघा. बरोबर बसलाय का हे कळायला कागदाची पट्टी घ्या, बिडिंगवर ठेवून दार बंद करा आणि पट्टी ओढा, पुढे-मागे-खाली सगळीकडे सारखी अडकत निघाली पाहिजे. एका जागी सहज निघाली तर तिथून पाणी येणार, एका जागी निघतच नसेल तर दार तिथेच जोर मागतंय. आणि स्ट्रायकर हलवल्यावर दार पूर्ण लॉक होतंय ना, अर्ध्या क्लिकवर तर थांबत नाही ना, हे दहादा बघा. अर्ध्या लॉकवर दार बंद दिसतं आणि ईस्टर्न एक्स्प्रेसवर उघडतं.

हे झाल्यावर काटा चारच्या आत आला. आई एका हाताने उघडते आता.

पुढचा मुद्दा दार उघडं राहण्याचा, आणि हा मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो कारण इथे हात चिरडतो. दार पूर्ण मागे गेलं की एक खटका त्याला धरून ठेवतो, तो खटका झिजला असेल तर सपाट रस्त्यावर कळत नाही, उतारावर कळतं. आमच्याकडे भांडुपला टेकडीच्या बाजूला रस्ते असे आहेत की गाडी सरळ उभीच राहत नाही. साधी गोष्ट लक्षात ठेवा: दार मागे सरकून उघडतं, म्हणजे गाडीचं तोंड चढाकडे असेल तर दार स्वतःच्या वजनाने उघडंच राहतं, आणि तोंड उताराकडे असेल तर उघडलेलं दार धाडकन पुढे येऊन बंद होतं, नेमकं माणूस आत जाताना. म्हणून चढ-उतारावर थांबायचंच असेल तर तोंड चढाकडे. बंद करताना जोर लागेल, लागू दे. खुर्चीचे ब्रेक तर हवेतच, शिवाय एकाने खुर्ची धरायची. आणि खटक्यावर विश्वास न ठेवता दारावरच्या आतल्या हँडलपासून मागच्या खांबापर्यंत बकलचा पट्टा लावा, जुन्या बॅगेचा पट्टाही चालतो. सामान बांधायची ताणणारी रबरी दोरी नको, ती ताणते हेच तिचं काम आहे.

हँडलची गंमत अशी की ते उभ्या माणसाच्या सोयीने लावलेलं असतं. खुर्चीत बसलेल्या माणसाला बाहेरचं हँडल कधी मागे, कधी फार वर. आतून बंद करायचं तर दार मागे गेलेलं असतं आणि हात पोचत नाही. उपाय अगदी स्वस्त आहे: दोन इंची नायलॉन पट्ट्याचा लांब फास, आतल्या हँडलमधून ओवलेला, टोकाला मूठ मावेल एवढी गाठ किंवा शिवलेला गोल. बाबा आता सीटवर बसून उजव्या हाताने पट्टा ओढतात आणि दार स्वतः बंद करतात. दाराचं काम आम्ही त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं हे आम्हाला कळलंच नव्हतं, पट्टा लावल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी चार वेळा उगाच उघड-बंद केलं. पट्टा एवढा लांब ठेवू नका की तो रुळात जाऊन अडकेल, आणि बंद केल्यावर बाहेर लोंबत राहिला तर चाकात जाईल, म्हणून आत एक हुक लावून त्यावर अडकवायचा. जास्तीचं हँडल पक्कं बसवायचं असेल तर दारात आधीपासून असलेली स्क्रूची भोकं वापरा. नवीन भोक पाडायचं तर आतला पॅनेल काढून मागे वायर, लॉकचा रॉड, काच काय आहे ते बघूनच, आणि पाडलेल्या भोकाच्या कडेला रंग. हँडल दाराच्या उंचीच्या मध्यावर असू दे, वरच्या कोपऱ्यातून ढकललं की दार तिरकं होऊन रुळात अडकतं.

चाइल्ड लॉकही बघा. तो लागलेला राहिला तर आत बसलेल्या माणसाला आतून दार उघडताच येत नाही, आणि ज्याला पटकन उठता येत नाही त्याच्यासाठी ही फार वाईट गोष्ट आहे. आणीबाणीत दुसऱ्या बाजूच्या दाराने कसं काढायचं हे एकदा घरच्यांनी करून बघायला हवं.

आता उंचीचं गणित. आमच्या खुर्चीची गादी जमिनीपासून पन्नास सेंटीमीटर, आणि गाडीची सीट रस्त्यावरून बहात्तर. बावीस सेंटीमीटर वर उचलायचं म्हणजे आईची कंबर आणि माझी पण. ट्रान्सफर बोर्ड म्हणून जी फळी असते, १८ मिलिमीटर प्लायची, पाऊण मीटर लांब, वीतभर रुंद, कडा गोल करून पॉलिश केलेली, ती दोन्ही उंच्या जवळपास सारख्या असतील तरच चालते, नाहीतर ती घसरगुंडी होते आणि घसरगुंडीवर वर चढायचं असतं. मग सुचलं की गाडी खाली आणता येत नाही पण खुर्ची वर नेता येते. फुटपाथ! इंडियन रोड्स काँग्रेसचे जे नियम आहेत त्यात फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असं आहे, आपल्याकडे कुठे कमी कुठे भलतीच जास्त, पण पंधरा सेंटीमीटर धरले तर बावीसचे सातच राहतात. आपल्याकडे डावीकडून गाडी चालवतात त्यामुळे डावं सरकतं दार नेमकं फुटपाथकडे येतं. हा आमचा रॅम्प, फुकटचा. अट एवढीच की फुटपाथवर चढायला जवळपास उतार हवा, खांब लावून तोंड बंद केलेलं नको, आणि पेव्हर ब्लॉक उखडलेले नकोत, नाहीतर पुढची छोटी चाकं त्यातच रुततात.

गाडी फुटपाथला किती चिकटवायची? आम्ही साधारण वीतभर अंतर ठेवतो. त्यापेक्षा जास्त ठेवलं तर खुर्चीचं चाक फटीत उतरतं, आणि दुसरी मुंबईची खास गोष्ट म्हणजे गाडी आणि फुटपाथच्या मध्ये हातभर जागा दिसली की तिथून बाइकवाला काढतोच, तुमचा माणूस अर्धा आत अर्धा बाहेर असताना सुद्धा. फार चिकटवली तरी पंचाईत, कारण दार सरकायच्या आधी जरा बाहेर येतं, तिथे खांब, कुंडी, कुणाची स्कूटर असली तर दार घासतं. थांबलं की आधी दार उघडून अंदाज घ्यायचा, मग माणसाला खाली घ्यायचं. घाईत उलटं होतं.

खुर्ची कुठल्या तोंडाने लावायची हे माणसाच्या चांगल्या बाजूवर आहे. चांगली बाजू सीटकडे, एवढंच सूत्र. बाबांची उजवी चांगली, म्हणून डाव्या दाराने चढताना खुर्चीचं तोंड गाडीच्या तोंडाकडे, म्हणजे सीट त्यांच्या उजव्या हाताला येते, खुर्ची अगदी समांतर नाही, जराशी तिरकी. डाव्या दारापाशी डावी बाजू चांगली असलेल्या माणसाला उलट, खुर्चीचं तोंड मागे. उतरताना बाबा पाय बाहेर काढून दाराकडे तोंड करून बसले की त्यांचा उजवा हात गाडीच्या पुढच्या बाजूला येतो, मग खुर्ची पुढच्या दाराशेजारी लावायची. ब्रेक लावायचे, पायठेवणी बाजूला करायची, खुर्चीचा सीटकडचा हात टेकायचा दांडा निघत असेल तर काढायचा. अर्धांगवायू झालेल्या माणसाला लुळ्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निखळतो, कंबरेला पट्टा बांधून तो धरायचा. आणि हे सगळं वाचून करण्यापेक्षा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, हाजीअलीला सरकारी संस्था आहे, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, १९५५ पासूनची, तिथे हाच विषय आहे. जाताना आपल्या गाडीची सगळी मापं लिहून न्या.

रॅम्पचं पण सांगून टाकतो, उंच छपराची गाडी असेल त्यांच्यासाठी. इमारतींना १:१२ चा उतार धरतात, म्हणजे ४५ सेंटीमीटर फ्लोअरला ५.४ मीटर रॅम्प. गाडीला हे शक्यच नाही. मागे धरायला दणकट माणूस असेल तर १:६ पर्यंत जातात, तरी २.७ मीटर. फुटपाथवरून लावला तर चढायचे तीसच सेंटीमीटर राहतात, मग १.८ मीटर, पण रॅम्पसमोर खुर्ची वळायला अजून दीड मीटर हवा, म्हणजे सव्वातीन मीटर मोकळा फुटपाथ, तो सापडला तर मला पण सांगा. म्हणून बाजूच्या दाराचा लांब रॅम्प हा सोसायटीच्या कंपाउंडमध्येच वापरात येतो, आणि रस्त्यावर उतरायचंच असेल तर मागच्या दाराचा रॅम्प बरा. पण बाजूला लावणार असाल तर रॅम्पचं ओठ थेट खालच्या रुळावर टेकवू नका. माणूस अधिक खुर्ची म्हणजे शंभर किलो त्या पातळ पत्र्यावर येतात, रूळ दबतो आणि दुसऱ्या दिवसापासून दार अडकायला लागतं. उंबऱ्यावरून आतपर्यंत जाणारी अॅल्युमिनियमची चेकर्ड प्लेट करून घ्या जी रुळाला न शिवता दोन्ही बाजूंना टेकते, काढता-घालता येणारी, कडेला पिवळी खरखरीत टेप. आतलं सैल रबरी मॅट काढून टाका, पुढच्या चाकापुढे ते गोळा होतं.

खुर्चीतच बसून प्रवास करायचा तर खुर्चीला चार कोपऱ्यांना बांधायचे पट्टे लागतात आणि माणसाला वेगळा खांदा-कंबरेचा बेल्ट लागतो, खुर्चीचा स्वतःचा वेल्क्रोचा पट्टा म्हणजे बेल्ट नाही. दुकानात मिळणाऱ्या साध्या घडीच्या खुर्च्या अपघाताचा धक्का सोसायला बनवलेल्याच नसतात, म्हणून ज्याला सीटवर घेता येतंय त्याला सीटवरच घ्या.

मोटर. दार हलकं झाल्यावरही कुणाला जमत नसेल, किंवा बसणारा माणूस एकटा ये-जा करतो, तर जरूर बसवा. कार्निव्हल, वेलफायर अशा गाड्यांना ते कंपनीतूनच येतं, साध्या व्हॅनला बाहेरून बसवावं लागतं. तीन गोष्टी विचारा: मध्ये काही आलं की दार उलट फिरतं का (हे रिकाम्या खोक्यावर तपासा, हातावर नाही), बॅटरी गेली तर हाताने उघडायचा खटका कुठे आहे आणि तो बसलेल्या माणसाला पोचतो का, आणि कंट्रोलचा डबा कुठे बसणार. तो फ्लोअरवर नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता हे सोडा, दरवर्षीच्या हिंदमाता-मिलन सबवेच्या पाण्यात सुद्धा उंबऱ्याजवळची वायरिंग मरते, आणि मग बंद गाडीत दार उघडत नाही. डबा सीटच्या वरच्या पातळीला, वायरला स्वतःचा फ्यूज.

कागदपत्रांचं थोडक्यात. रोलर, पट्टा, स्प्रे याला कुणी अडवत नाही. पण सीट कायमची काढली, फ्लोअर कापला, छप्पर उंच केलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं, आरसीवर जेवढ्या सीट लिहिल्यात तेवढ्या गाडीत असायला हव्यात, म्हणून ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, जे तुमचं आरटीओ असेल तिथे आधी मंजुरी घ्या, काम मागाहून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग व्यक्तीसाठी बदललेल्या गाडीला कायद्यात 'अडॅप्टेड व्हेइकल' असा स्वतंत्र शब्द आहे, अर्ज करताना तो वापरा. इन्शुरन्सवाल्यांनाही लेखी कळवा. सीएनजीची गाडी असेल तर ड्रिल हातात घ्यायच्या आधी टाकी आणि पाइप कुठून गेलाय ते मिस्त्रीला दाखवून घ्या.

देखभाल म्हणाल तर मी वर्षातून तीनदा करतो, मे संपताना, गणपतीनंतर आणि पावसाळा संपला की. ब्रश, फडकं, सिलिकॉन, वीस मिनिटं. डॅशबोर्डमध्ये जुना टूथब्रश कायम पडलेला असतो, वाळूत जाऊन आलो की तिथेच रूळ झाडतो. एकच नवीन त्रास सुरू झालाय, दार इतकं हलकं झालं की पाहुणे मंडळी जुन्या सवयीने ते धाडकन लोटतात आणि स्ट्रायकर परत हलतो. दारावर "हळू लोटा" असा स्टिकर लावलाय. माझा मामा तो मोठ्याने वाचतो आणि मग धाडकन लोटतो.